त्या कादंबरीत नसलेलं प्रकरण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवालासुद्धा नाही — देवापुढे हात जोडले की मी पटकन दुसरंच काहीतरी मागायला लागते, म्हणजे त्याने विचारायच्या आत विषय बदलतो. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही वाचणारे आहात म्हणून. कारण हे सगळं पुस्तकांच्या गप्पांतून झालं. चहा, चकल्या आणि 'नुकतंच काय वाचलंत' — यातून कुणाचं हाड मोडू शकतं, असं वाटतं का तुम्हाला? मलाही वाटलं नसतं.

मी निपाणीची. लग्न होऊन बेंगळूरुला आले त्याला इतकी वर्षं झाली की आता स्वप्नातले रिक्षावालेही कन्नड बोलतात. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी मोजते, आणि ज्यात खोट असेल त्यावर लाल रंगाचा फराटा मारते. खोट काढायचा मला पगार मिळतो. माझा नवरा म्हणतो, हे काम हिने फुकटही केलं असतं.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही मराठी माणसं कोरमंगलात मेधाताईंच्या घरी जमतो. मेधाताई पुण्याच्या, त्यामुळे नियम आलेच. प्रत्येकाने त्या महिन्यात वाचलेल्या एका पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं. पुस्तक बरोबर आणायचं. बोलून झालं की ज्याला हवं त्याने हात वर करायचा आणि पुस्तक त्याच्या घरी जायचं. पुढच्या महिन्यात त्याने सर्वांसमोर सांगायचं — शिफारस खरी निघाली, की वाया गेली. इथे मराठी पुस्तक सहज हाती लागत नाही, म्हणून ही फिरवाफिरवी. पण 'वाया गेली' हे शब्द ऐकायची सगळ्यांना धास्ती असे. विशेषतः माझ्या तोंडून.

कारण मी पुस्तकं सोलायचे. लोक कौतुकाने म्हणायचे, आज शैलाक्का कुणाला उभं चिरणार? आणि मी चिरायचे. लेखकाची चूक सापडली की माझ्या अंगात काहीतरी गरम उतरायचं. एखाद्या गरीब स्वभावाच्या माणसाने भीतभीत शिफारस केलेली कादंबरी मी दहा मिनिटांत भुईसपाट करायचे, आणि त्याचा चेहरा पडला की मला बरं वाटायचं. त्यातली निम्मी पुस्तकं मी शेवटपर्यंत वाचलेलीही नसायची. हा झाला एक गुन्हा. हे पान इथेच संपलं असतं तर किती छान झालं असतं, नाही?

रोहिणी आमच्यात आली ती गणपतीच्या आधी. नागपूरची, तिशी ओलांडलेली, आयटीत. बोलायला बसली की मांडीवर हात ठेवून एकसुरात बोलायची. नवरा निखिल तिला गाडीतून सोडायचा, घ्यायला यायचा, वर येऊन मेधाताईंच्या खुर्च्या उचलून द्यायचा. देखणा, हसरा, बोलायला गोड. आमच्यातल्या बायका तिला म्हणायच्या, नशीब काढलंस गं.

पहिल्यांदा तिने सांगितली ती एक जुनी कादंबरी. एका पोस्टमास्तराच्या बायकोची. नाव सांगत नाही, त्या पुस्तकाचा यात काही दोष नाही. सुरुवातीला गाव, पोस्टाचं घर, लग्न — साधंच. मग ती त्याच एका सुरात म्हणाली, आमटीत मीठ कमी पडतं त्या दिवशी नवरा तिची वेणी हाताला गुंडाळतो आणि तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटतो. पहिल्यांदा लागतं तेव्हा नुसता आवाज येतो, दुखत नाही. दुखणं मागून येतं. मग तो पुन्हा आपटतो, कारण ती ओरडली नाही. मग ओरडली म्हणून. आणि शेवटी फडकं देतो आणि म्हणतो, पूस लवकर, ग्रॅनाइटवर डाग राहतात.

आमच्यातले एक निवृत्त बँकवाले काका, जे एरवी माझ्या दहा मिनिटांत डुलक्या काढायचे, ते डोळे पुसत होते. सगळ्यांचे हात वर. पण पुस्तक नव्हतंच. नागपूरला आईकडे वाचलं, म्हणाली, आईने आणू दिलं नाही. नियम मोडला होता आणि मेधाताईंनी तो मोडू दिला.

पुढच्या महिन्यात दुसरं पुस्तक, ते म्हणे फोनवर वाचलेलं. त्यात एक बाई कपाट आवरत असते. नवरा मागून येतो, तिचं मनगट धरतो, बोटं चौकटीवर ठेवायला लावतो आणि सरकतं दार लावायला लागतो. हळू. जोरात लावलं असतं तर बरं झालं असतं, रोहिणी म्हणाली, पण तो हळू लावतो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहतो. नख आतून फुटतं. तो विचारतो, आता कुणाला मेसेज करशील का?

त्या दिवशी माझी पाळी तिच्यानंतर होती. मी जीव तोडून बोलले. कुणी ऐकलं नाही. निघताना मेधाताई म्हणाल्या, पुढच्या वेळेपासून रोहिणीचं शेवटी ठेवू या, तिच्यानंतर दुसरं काही ऐकवतच नाही. हे त्या सहज म्हणाल्या. माझ्या मात्र ते वर्मी लागलं. इतकी वर्षं शेवटची पाळी माझी होती.

आणि खोट काढणाऱ्याला खोट दिसतेच. जुन्या काळच्या पोस्टमास्तराच्या घरात ग्रॅनाइटचा ओटा कुठून आला?

आमच्या ओळखीतल्या एका मराठी मंडळाचं पुस्तकांचं कपाट आहे. तिथे मला ती कादंबरी सापडली. मी ती अधाशासारखी वाचली, सुपारी घेतल्यासारखी. त्यातला पोस्टमास्तर सबंध पुस्तकात एकदाही आवाज चढवत नाही. बायकोला ताप येतो तेव्हा पेज करून देतो. वेणी नाही, आपटणं नाही, ओटासुद्धा नाही. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. चोर सापडला. बाईने पुस्तक वाचलेलंच नाही आणि मनचं ठोकून देतेय, एवढंच मला तेव्हा कळलं. इथवर मी फक्त मत्सरी होते. इथवर मी माफीलायक होते — पण माफीबद्दल हे नाही चाललेलं.

दिवाळीनंतरच्या बैठकीत तिने माझ्या हातात चहाचा कप दिला. सगळ्या नखांना गडद मरून नेलपॉलिश. पण दोन बोटांवर त्या रंगाखाली नख उचललं गेलं होतं, आणि खालून नवं, खरबरीत नख येत होतं. मी केसाएवढा फरक डोळ्यांनी ओळखते, त्यावरच माझं पोट आहे. मला एका नजरेत सगळं कळलं. कपाट, चौकट, हळू लावलेलं दार. ती पुस्तकं सांगतच नव्हती. महिनाभर घरात जे व्हायचं ते ती तिथे येऊन, दुसऱ्याच्या पुस्तकाच्या आड उभी राहून, सांगून टाकत होती. दहा मिनिटं. तिच्या दृष्टीने तेवढीच जागा होती.

खाली उतरताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. तिची बाही वर सरकलेली. दंडावर चार बोटं उमटलेली, कडेने पिवळी पडत आलेली. मी फक्त बाही खाली ओढून नीट केली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी दुसरा शब्द देऊ शकत नाही — सुटका. तिला वाटलं, कळलं कुणाला तरी.

निखिल खाली गाडीपाशी होता. म्हणाला, शैलाक्का, बसा, सोडतो तुम्हाला. आणि मी बसले. होय, बसले त्याच्या गाडीत, मागे, पाय पसरून. वाटेत त्याने आरशातून मला विचारलं, "काय सांगते हो आमची बायको तिथे? घरी तर तोंड उघडत नाही."

पुढच्या सीटवर रोहिणीचा हात सीटबेल्टवर घट्ट झाला.

"छान सांगते," मी म्हटलं.

म्हणजे बघा. त्याला माहीत नाही, हे मला कळलं होतं. त्याला कळलं तर काय होईल, हेही मला कळलं होतं — तिनेच तर सांगितलं होतं, इतकं बारीक सांगितलं होतं. माझ्याकडे सगळं होतं. अजून काय हवं असतं माणसाला?

डिसेंबरात तिने आणखी एक 'पुस्तक' सांगितलं. त्यातला नवरा बायकोला आंघोळीच्या पाण्यात धरतो, तिचे पाय भिंतीवर आपटत राहतात. मग शेजारीण येते. शेजारणीला दिसतं. तिला कळतं. एवढं बोलून रोहिणी थांबली. म्हणाली, "पुढचं वाचायचं राहिलं माझं. शैलाक्का, तुम्ही वाचा ना. मला सांगा, ती बाई काय करते ते."

सगळे हसले. मेधाताई म्हणाल्या, शैलाला गृहपाठ मिळाला.

तुम्हाला वाटेल, तेव्हा मला तिची दया आली असेल. नाही. मला संताप आला. ही कोण मला कामाला लावणारी? माझी शेवटची पाळी घेतली, माझे ऐकणारे घेतले, आणि आता वर मला हिच्या गोष्टीतली शेजारीण करून ठेवते? खरं सांगू — तिचा तो एकसुरी, शांत आवाज ऐकताना माझाच हात शिवशिवला. त्या गालावर एक ठेवून द्यावी असं वाटलं मला. निखिलला जे वाटत असेल तेच. मी घरी येऊन कांदा चिरायला घेतला आणि सुरी पाटावर अशी आपटली की नवरा टीव्हीसमोरून उठून आला. "एनायितु?" काय झालं, त्याने विचारलं; रागाच्या वेळी आम्ही कन्नडात जातो. काही नाही, म्हटलं.

मी त्याला तेव्हा सांगू शकले असते. मेधाताईंना सांगू शकले असते, त्या निम्म्या शहराला ओळखतात. रोहिणीला फोन करून नुसतं विचारू शकले असते, येतेस का माझ्याकडे राहायला? आमची मागची खोली रिकामी आहे. लेक परदेशी गेल्यापासून तिथे मी पापड वाळत घालते.

मग संक्रांत आली. दरवर्षी त्या महिन्याच्या बैठकीला घरचे लोकही येतात, तिळगूळ, हलव्याचे दागिने घातलेली कुणाची तरी नात, गच्च भरलेलं घर. निखिल आला होता. त्याने तिळगुळाचं ताट घेऊन सगळ्यांना वाटलं, माझ्या पाया पडला. रोहिणीने त्या दिवशी मुद्दाम एक प्रवासाचं पुस्तक आणलं होतं. खरंखुरं, कागदाचं. हिमालय, वाटा, चहाच्या टपऱ्या. गुळमुळीत बोलली आणि खाली बसली. लोक नाराज झाले. बँकवाले काका म्हणाले, आज काही तुझा सूर लागला नाही बुवा.

इथे थांबता आलं असतं. मी थांबले असते तर ती त्या दिवशी घरी नीट गेली असती. निदान त्या दिवशी.

मी म्हटलं, "रोहिणी, ती पोस्टमास्तरवाली कादंबरी मी वाचली."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने मान हलवली — नाही, नाही, अशी, अगदी थोडी. मला ते दिसलं. केसाएवढा फरक दिसणाऱ्या बाईला ते दिसणार नाही का?

आणि मी सुरू केलं. माझ्या त्या खास आवाजात, ज्याला लोक हसायचे. म्हटलं, त्यात नवरा बायकोवर हात उगारत नाही, एकदाही नाही. मग तू सांगितलंस ते कुठलं? ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांच्यासाठी मी तो प्रसंग पुन्हा सांगितला. आमटीतलं मीठ. हाताला गुंडाळलेली वेणी. कपाळ, ओट्याची कड, ओरडली नाही म्हणून आणि ओरडली म्हणून. फडकं. 'पूस लवकर, ग्रॅनाइटवर डाग राहतात.' मग कपाटाचं दारही सांगितलं. काही सोडलं नाही. माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

आता येते ती गोष्ट जिच्यासाठी मी इतकं गोल गोल फिरले. हे सगळं बोलताना मी रोहिणीकडे बघत नव्हते. मी निखिलकडे बघत होते. 'ग्रॅनाइट' हा शब्द आला तेव्हा त्याच्या हातातलं ताट स्थिर झालं आणि हसू जागच्या जागी राहिलं, नुसते डोळे बदलले. त्याला कळलं. त्याला कळलेलं मला कळलं. आणि त्यानंतर — त्यानंतर मी कपाटाचं दार सांगितलं.

"अक्का, माझंच चुकलं असेल," रोहिणी म्हणाली. "दोन पुस्तकं मिक्स झाली असतील माझ्याकडून."

"दुसरं कुठलं? नाव सांग ना," मी म्हटलं.

लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने निखिल हसला. म्हणाला, हिची कल्पनाशक्ती फार, लेखिकाच व्हायची होती ती. आणि तिच्या मानेवर मागून हात ठेवला. चल, म्हणाला. तिने चपला घातल्या आणि गेली. मी तिळगुळाची वडी तोंडात टाकली. ती मला गोड लागली, हेही सांगते.

मंगळवारी मेधाताईंचा फोन आला. रोहिणी हॉस्पिटलात आहे, जबडा दोन ठिकाणी मोडलाय, डाव्या कानाने ऐकू येत नाही. निखिलने पोलिसांपुढे सगळं कबूल केलं होतं. घरी पोचल्यावर त्याने तिला खुर्चीवर बसवलं. म्हणाला, आता मला सांग, कुठलं कुठलं पुस्तक सांगितलंस. एकेक. नीट, तिथे सांगतेस तसं. तिने एक सांगितलं की त्यात जे होतं ते तो पुन्हा करायचा. मग म्हणायचा, पुढचं. वेणी झाली. कपाट झालं, या वेळी सगळी बोटं. आंघोळीचं पाणी झालं. शेवटी ती बोलू शकत नव्हती, तर ती सांगत नाही म्हणून त्याने इस्त्री उचलून तिच्या तोंडावर मारली.

दार उघडायला लावलं ते त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या गौरम्मांनी. साठीच्या बाई, मराठीचं एक अक्षर येत नाही त्यांना. वॉचमनला घेऊन वर आल्या आणि दारावर लाथा घातल्या, म्हणे, अंगावरच्या नायटीनिशी. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, सद्द केळिस्तु, बंदे. आवाज ऐकू आला, आले.

पुढची बैठक कसली, सुतकच होतं ते. सगळे रडत होते. आपल्याला कसं कळलं नाही, आपण ऐकत होतो आणि चहा पीत होतो, असं म्हणत होते. मीही रडले. खोटं नाही रडले. मग मेधाताई माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस, तू फक्त पुस्तकाबद्दल विचारलंस, तुला काय माहीत. बँकवाले काका म्हणाले, खरंय, त्यांना काय माहीत. एकेकाने येऊन माझी समजूत घातली. आणि मी ती घालू दिली. कुणीतरी माझ्यासाठी पाणी आणलं, ते मी प्यायले.

मेधाताई मला हॉस्पिटलात घेऊन गेल्या. नागपूरहून आलेला भाऊ बाहेर बाकावर बसला होता, तो तिला परत नेणार होता. रोहिणीचे दात तारांनी बांधलेले, तोंड हलत नव्हतं. सगळ्या बोटांना पट्ट्या. डोळे तेवढे उघडे. मेधाताई तिच्या चांगल्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, शैला आलीय बघ, फार वाईट वाटतंय तिला, तिला बिचारीला कुठे काय माहीत होतं.

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. लिफ्टमध्ये पाहिलं होतं तसं नाही. रागानेही नाही. ती वाट बघत होती. मी काय बोलते याची. ती बोलू शकत नव्हती, मी बोलू शकत होते, आणि खोलीत आम्ही तिघीच होतो.

लवकर बरी हो, मी म्हटलं.

तिने डोळे मिटून घेतले आणि आम्ही निघेपर्यंत उघडले नाहीत. जे मी त्या खाटेपाशी म्हणायला हवं होतं ते दोनच शब्दांचं होतं — 'माहीत होतं.' निखिलच्या हातातलं ताट थांबलं तेव्हाही मला सगळं माहीत होतं, आणि मी पुढे बोलत राहिले.